ठकूकाकीची चोरी

फार वर्षांपूर्वी, चहाची पूड अजून घाट चढून वर आली नव्हती तेव्हा, सावरमाळ गावात ठकू नावाची बाई राहायची. राहायची असं आपलं म्हणायचं. ती एका जागी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. भाकरी थापताना तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. जेवायला बसली तर घास तोंडात आणि नजर परसात. असं म्हणतात, तिच्या घरातल्या पाटाला कधी ऊब म्हणून लागली नाही. तिचा नवरा केरबा म्हणजे अगदी गोगलगाय. तो म्हणायचा, "अगं, बूड टेक की घटकाभर." तर ही जाता जाता म्हणायची, "तुमी टेकलंय न्हवं? दोगांचं मिळून तेवढं पुरं."

आणि तिचं सगळं लक्ष कुठं? तर घरामागच्या परसात. चार खाटा मावतील एवढीच जागा, पण तिथं बोट ठेवायला रिकामी माती नव्हती. मोरीचं पाणी जायचं तिथं आलं आणि पुदिना, उन्हाच्या बाजूला तुळस आणि सब्जा, भिंतीच्या आडोशाला ओव्याच्या पानांचं गुबगुबीत झुडूप, कोपऱ्यात अडुळसा. आणि या सगळ्यांच्या मधोमध पातीचा ठोंब. ज्याला आपण आज गवती चहा म्हणतो तोच. तेव्हा चहा कुणाला ठाऊक होता? लोक नुसतं पातीचं पाणी म्हणायचे. पण आमच्या रानातली पात आणि ठकूची पात यात जमीन-अस्मानाचा फरक. ठकूच्या पातीला असा वास होता की आंधळ्यानंही तिचं घर बरोबर शोधावं.

ठकू त्या परसातलं चिमूटचिमूट खुडून आणायची, गूळ घालून उकळायची, आणि दारात येईल त्याला पितळीभर द्यायची. असं म्हणतात, ते पाणी प्यायलं की हिवतापानं कुडकुडणारा माणूस घोंगडी फेकून उठायचा. असंही म्हणतात, की पाटलाचा म्हातारा बैल तीन पायांवर आला होता, तो एक पितळी पिऊन चार पायांवर गेला. बैलानं पितळीतून कसं प्यायलं हे विचारू नका. मी सांगतोय तेवढं ऐका.

पान ठकू कुणालाही द्यायची. मूळ मात्र कुणालाच नाही.

त्याचं कारण असं. लग्न होऊन घळवाडीहून निघाली तेव्हा तिच्या आईनं ओटीत तांदूळ-नारळाबरोबर पातीचा एक फुटवा घातला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून. "करमलं न्हाई की हुंगत जा," एवढंच आई म्हणाली. ठकूनं सासरी आल्या आल्या तो परसात लावला. पुढल्या साली घळवाडीत गाठीच्या तापाची साथ आली. आई गेली, बाप गेला, भाऊ गेले. जे वाचले ते घरं उघडी टाकून कुठं कुठं पांगले. गावच उठलं. ठकूला निरोप मिळाला तेव्हा तिथं निरोप धाडायलाही कुणी उरलं नव्हतं. मिठाच्या तांड्यानं वाटेवर पाहिलं, ते येऊन सांगितलं.

बाई कितीही म्हातारी होवो, माहेर म्हटलं की तिचा जीव लहान होतो. ठकूचं माहेर तेवढ्या एका ठोंबात उरलं. पातीचं पाणी प्यायली की ती तोंड पुसून म्हणायची, "आलं बाई जाऊन." कुणी मूळ मागितलं की म्हणायची, "म्हायार कुनी वाटतं व्हय?" आणि मागणाऱ्याच्या हातात पितळी द्यायची.

घळवाडीची वाट सावरमाळाच्या वरच्या अंगानं जाते. त्या वाटेला ठकू पुन्हा कधी गेली नाही. त्याऐवजी ती ठोंबाभोवती फिरायची. सकाळी फिरायची, दुपारी फिरायची, हातात काम असलं तर कामासकट फिरायची. फिरून फिरून परसात गोल पायवाट पडली होती, टाचेइतकी खोल. जी वाट चालायची ती सोडून माणूस बाकीच्या वाटा झिजवतो, त्यातली गत.

आता तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडे म्हणतात की मागून नेलेलं रोप हिरमुसतं आणि चोरून नेलेलं तरारतं. गावातल्या लेकी काय कमी? सासरी निघालेली पोर आदल्या दिवशी ठकूच्या कुंपणाखालून हात घालायची आणि एखादा फुटवा मुळासकट उपटून पदराखाली लपवायची. नव्या गावात, नव्या चुलीवर, आपल्या गावचा वास असावा एवढाच तिचा लोभ. पण ठकूला ते कसं कळावं? तिला दिसायचा तो ठोंबात पडलेला खड्डा. असं म्हणतात, चोरी झाली की परसातली पात आपोआप सळसळायची आणि तिचा वास चोराच्या मागे पळायचा. वासाच्या मागे ठकू.

असाच एकदा तो वास न्हाव्याच्या आवडीच्या मागे पळाला. आवडी चपळ पोरगी, दुसऱ्या दिवशी घाटाखाली बोरकोंडला सासरी जायची होती. हळद अजून अंगावर होती. ठकूनं तिला वडाच्या वळणापर्यंत हाकललं, पण पोरगी हाती लागली नाही. मग तिथंच उभं राहून, आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ती ओरडली, "चोर गं चोर! माजं मूळ उपाटलंस! जाशील तितं मूळ लागू नये तुजं!"

सासरी निघालेल्या पोरीला असं कुणी बोलतं का? आयाबायांनी कानांवर हात ठेवले. आवडी एकदा वळून बघून गेली. ठकू घरी आली ती आणखीच बेचैन. बोललेलं तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना. पण चुकलं असं कबूल करायचं म्हणजे मूळ देऊन टाकायचं, आणि ते तर जमत नव्हतं. मग तिनं मनाशी ठरवलं, माझं काही चुकलं नाही. लोकांची नजरच वाईट आहे. पातीला दृष्ट लागली आहे.

झालं. डोक्यात शिरलं ते शिरलं. दिवेलागणीला मूठभर खडेमीठ आणि मोहऱ्या घेऊन ती ठोंबावरून ओवाळायला लागली. आल्यागेल्याची, पोरीसोरींची, कुंपणाबाहेरून बघणाऱ्याची, सगळ्यांची दृष्ट. आता दृष्ट काढलेलं मीठ चुलीत टाकतात, तडतडलं की संपलं. पण ठकूनं डोकं चालवलं. चूल घराची, तिथं परसाची दृष्ट कशी जळेल? परसाची दृष्ट परसातच गाडली पाहिजे. म्हणून ते मीठ ती ठोंबाभोवतीच्या पायवाटेवर शिंपायची, वरून माती ओढायची. मिठाची रेघ ओलांडून चोर येणार नाही, ही तिची खात्री.

मिठाला तोटा नव्हता. कोकणातून मिठाचे बैल घाट चढून यायचे, ते सावरमाळातच दम खायचे. तांड्याचा म्होरक्या हामू नाईक ठकूच्या ओसरीवर पातीचं पाणी प्यायचा आणि त्याच्या बदली मीठ ओतून जायचा. एकदा पितळी खाली ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, "बाई, असंच पानी खाली बोरकोंडात बी भेटतंय. आवडी म्हनून सून हाय तितली. म्हनती, माज्या म्हायारची पात हाय."

ठकूच्या हातातला डाव खाली पडला. "तिच्या म्हायारची? तिच्या?" म्हणून ती तडक परसात गेली, आणि त्या दिवशी तिनं मूठभर नाही, टोपलीभर मीठ घातलं. केरबा ओसरीवरून म्हणाला, "अगं, जरा धिरानं." पण धीर म्हणजे काय हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

एरवी पावसाळा यायचा आणि तिचा शहाणपणा धुऊन न्यायचा. त्या साली पावसानं हात आखडता घेतला. मीठ राहिलं जागच्या जागी. आधी पुदिना गेला. ठकू म्हणाली, दृष्ट. मग सब्जा काळा पडला, तुळशीनं मान टाकली. ठकू म्हणाली, फार वाईट दृष्ट, आणि आणखी मीठ घातलं. पातीची टोकं पिवळी पडून करपली, तेव्हा ती दिवसभर खालीच बसेना. ठोंबाभोवती नुसती गरागरा फिरत राहिली.

एके सकाळी तिनं उरलेली हिरवी पाती खुडून पाणी उकळलं आणि केरबाच्या हातात पितळी दिली. त्यानं घोट घेतला, थांबला. "ठके," तो म्हणाला, "गुळाच्या जागी मीठ घातलंस का गं?"

तिनं पितळी हिसकून घेतली, घोट घेतला. गूळ होता. गुळाच्या खालून मीठ येत होतं, पातीच्या आतून. ती धावत परसात गेली, पायवाटेवरची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. ठोंब धरून ओढला, तर तो कसलाही हट्ट न करता हातात आला. खाली मुळं नव्हतीच, काळा चोथा होता.

चोरांनी वर्षानुवर्षं नेऊन संपलं नव्हतं ते तिनं स्वतःच्या हातानं संपवलं. आईनं ओटीत घातलेलं माहेर तिनं ओवाळून ओवाळून मारलं. ठकू तिथंच उभी राहिली, वाळका ठोंब पोटाशी धरून. ती रडली असं म्हणतात, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणीही मिठाचंच, म्हणून केरबानं तिला ओढत परसाबाहेर आणलं.

पुढले काही दिवस ती गावभर फिरली. रानातली पात हुंगून बघितली, ओढ्याकाठची बघितली. कशालाच तो वास नव्हता. मग केरबाच, जो कधी दोन वाक्यं सलग बोलायचा नाही, तो म्हणाला, "बोरकोंडात हाय ती."

"तिच्या दारात जाऊ? जिला म्या तसलं बोलले?"

"मग नगं जाऊस. बस हितंच," केरबा म्हणाला. बसायचं तर तिला ठाऊकच नव्हतं. सकाळी ती घाट उतरायला लागली.

असं म्हणतात, त्या घाटात ती एकदाही थांबली नाही. चढणारे बैल तिला वाट देत गेले. करवंदीच्या काट्यांनी लुगडं धरलं तर तिनं लुगड्याचा तुकडा त्यांना देऊन टाकला. पायांना घाई होती, मनाला नव्हती. जाऊन म्हणायचं काय? माझं मूळ दे, म्हणायचं? आणि तिनं आपलेच शब्द परत केले तर? म्हायार कुनी वाटतं व्हय?

बोरकोंडच्या वेशीवरच वास आला. वासामागून ती गेली ती एका लहानशा घराच्या मागच्या अंगाला. तिथं वईच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत पातीचे ठोंबच्या ठोंब होते, कमरेएवढे, वाऱ्यावर डोलणारे. शेजारी आलं, पुदिना, ओव्याचं पान. सगळं तिच्याच परसासारखं मांडलेलं, मोरीच्या पाण्याला पुदिना आणि भिंतीला ओवा. मधे एक बाई दुरडी घेऊन पाती खुडत होती. तिनं मान वर केली, आणि हातातली दुरडी एका ठोंबावर पालथी घातली. एवढं रान माजलेलं, आणि लपवायला एक दुरडी! दुसऱ्या वेळी ठकू हसली असती.

"काकी," आवडी म्हणाली, "पाया पडते तुमच्या. उपटू नगा."

"म्या उपटाया न्हाई आले."

आवडीला ते ऐकूच गेलं नाही. तिच्या तोंडून इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडायला लागलं. "पोर तापलं की तुमचा आवाज कानात यायचा, काकी. गाय आटली तरी त्योच आवाज. वाटायचं, मूळ लागत न्हाई आपलं हितं. रोज सकाळी उठून आदी हिकडं येऊन बघायची, पात हाय का वाळली. हाय म्हटलं की मग चूल पेटवायची."

ठकूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ती आपल्या परसात गरागरा फिरत होती तेव्हा घाटाखाली दुसरी एक पोर तिच्या एका वाक्याभोवती तशीच फिरत होती. "आवडे, जळो माजी जीभ," ती म्हणाली. आणि मग, कधी कुणापुढे न वाकलेली ती बाई म्हणाली, "माजी पात मेली गं. म्याच मारली. मीठ घालून."

आवडीनं दुरडी उचलली, ठकूचा हात धरला, आत नेऊन पाटावर बसवलं. बाहेर शेजारीण डोकावली तर तिला म्हणाली, "माज्या म्हायारचं मानूस आलंय." ते शब्द ठकूच्या कानावर पडले. जिचं माहेर उठलं होतं ती दुसऱ्या कुणाचं तरी माहेर होऊन पाटावर बसली होती. आवडीनं पातीचं पाणी उकळलं, गूळ घातला, पितळी पुढे ठेवली. ठकूनं घोट घेतला. तीच पात. आईच्या फडक्यातली.

आणि असं म्हणतात, ठकू बसली. पाटाला ऊब लागेपर्यंत बसली. पितळी निवली तरी बसली.

मग आवडी म्हणाली, "काकी, किती मुळं देऊ? टोपलीच भरते."

ठकूनं मान हलवली. "मागून नेलेलं लागतं का, पोरी? आता मातुर लागाया पायजे."

मग आवडीच्या डोळ्यांत ती जुनी, हळदीच्या अंगानं पळणारी पोरगी आली. तिनं घागर कमरेवर घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, "म्या चालले पान्याला! परसात कुनी जाऊ नगा हो! आन् वईला मागनं खिंडार हाय, तितनं तर कुनीच जाऊ नगा!" आणि पाठ करून ती निघून गेली.

त्या वयात ठकू वईच्या खिंडारातून वाकून गेली. तिनं एक फुटवा मुळासकट उपटला, ओल्या मातीसकट पदरात गुंडाळला आणि पळत सुटली. असं म्हणतात, पातीचा वास तिच्या मागे पळाला. आणि वासामागून आवडी आली, रिकामी घागर हातात, वेशीपर्यंत. तिथं उभी राहून, आख्ख्या बोरकोंडला ऐकू जाईल असं ओरडली, "चोर गं चोर! माजं मूळ उपाटलंस! जाशील तितं मूळ लागू दे तुजं!"

ठकूनं मागं वळून पाहिलं नाही. घाट चढताना तिला दिसतही नव्हतं नीट.

परस खारट झालं होतं. तिनं तो फुटवा कुंपणाबाहेर लावला, वाटेच्या कडेला, जिथून जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात सहज पोचेल. केरबानं कुंपणाच्या काठ्या उपटून चुलीला घातल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पात लागली, तरारली, दोन पावसांत वाट अडवू लागली. मग गावातली कुणी पोर सासरी निघाली की ठकू मुद्दाम पाठ करून बसायची. बसायची, बरं का! आणि पाती सळसळली की उठून वडाच्या वळणापर्यंत ओरडत जायची, आवडीचे शब्द.

केरबा गेल्यानंतरची गोष्ट. एके सकाळी ठकूनं शेजारणीच्या परसात पोचलेल्या आपल्याच पातीचा एक फुटवा चोरला, ओल्या फडक्यात बांधला आणि ती वरच्या अंगाच्या वाटेला लागली. घळवाडीच्या. शेजारीण मागून ओरडायचं ते ओरडली. ठकू परत आली नाही. काही म्हणतात ती तिथंच राहिली, काही म्हणतात तिथून पुढं गेली, तिला कुठं बसवतंय एका जागी! पण गुराखी सांगतात की उठलेल्या घळवाडीत आता नुसती घरांची जोती उरली आहेत, आणि एका जोत्यापासून दुसऱ्या जोत्यापर्यंत कमरेएवढी पात आहे. गुरं तिच्यात शिरली की संध्याकाळी दुधाला वास येतो.

सावरमाळात आजही परसात मीठ पडू देत नाहीत. आणि गावची लेक सासरी निघाली की आदल्या दिवशी ती चोरी करते. कुणाच्याही परसात, दिवसाढवळ्या. घरच्या बाईनं घरात असायचं आणि पाठ करायची, असा रिवाज आहे. ज्या परसात वर्षभर चोरी होत नाही, त्या घरची बाई रुसून बसते, म्हणते, माझ्या पातीत काय किडे पडलेत? हल्ली पोरी पुण्याला जातात, सुरतेला जातात, फुटवा गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात लागतो. पण चोरून नेलेला असतो, म्हणून लागतो.

पोर फुटवा घेऊन पळते. मागून परसाची मालकीण वडाच्या वळणापर्यंत धावते आणि ओरडते, जाशील तितं मूळ लागू दे तुजं! पोरीनं वळून बघायचं नसतं. त्यामुळं पोर हसते आहे की रडते आहे, हे अजून कुणाला कळलेलं नाही.